ख्रिस्ती कामगार महासंघ

ख्रिस्ती कामगार महासंघ : ख्रिस्ती धर्माची, विशेषतः रोमन कॅथलिक पंथाची, सामाजिक शिकवण आधारभूत मानून स्थापन झालेल्या कामगार संघटनांच्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मध्यवर्ती संस्था. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम यूरोपातील औद्योगिक प्रदेशांत या चळवळीचा उदय झाला. पहिल्या महायुद्धानंतर तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले आणि १९६० नंतर बहुतेक देशांत तिने आपले धार्मिक अधिष्ठान सौम्य केले किंवा सोडून दिले. मालक, धर्मपीठ आणि अन्य विचारांचे कामगार या तिघांसमोर आपण खरोखरीच कामगारांची स्वतंत्र संघटना आहोत हे सिद्ध करणे, हा या महासंघांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. महाराष्ट्रात ख्रिस्ती कामगारांची संख्या मुंबई परिसरात लक्षणीय असूनही असा प्रबळ महासंघ उभा राहिला नाही. येथे तोच प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. त्यामुळे यूरोपीय चळवळीबरोबर मुंबईच्या कामगार चळवळीचाही विचार करणे उद्‌बोधक ठरते.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात कारागिरांच्या श्रेणी होत्या. प्रत्येक श्रेणीचा एखादा संरक्षक संत असे. तिचे सण, आजारपणातील मदत व अंत्यविधी हे सर्व धर्मजीवनाशी निगडित असे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ च्या ल शापलिए कायद्याने कामगारांच्या संघटनांवर बंदी आली आणि संघटनेचा हक्क त्या देशात १८८४ पर्यंत पूर्णतः मान्य झाला नाही. दरम्यान यंत्रयुगाने निर्माण केलेला नवा कामगारवर्ग जुन्या श्रेणींच्या आधारास मुकला होता आणि समाजवादी विचारांकडे ओढला जात होता. जर्मनीतील माइन्ट्सचा बिशप व्हिल्हेल्म फोन केटेलर (१८११–७७) याने १८६४ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून, केवळ दानधर्माने हा प्रश्न सुटणार नाही, असे प्रतिपादन केले.

या विचारमंथनास अधिकृत स्वरूप मिळाले ते पोप तेरावा लिओ याने १५ मे १८९१ रोजी प्रसृत केलेल्या रेरुम नोव्हारुम या परिपत्रकामुळे. त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य करून समाजवादाचा अव्हेर केलेला होता. परंतु त्याचबरोबर काटकसरी कामगाराचा निर्वाह होईल इतके वेतन, रविवारची विश्रांती, स्त्रिया व मुले यांचे संरक्षण, शासनाचा हस्तक्षेप आणि कामगारांचा संघटनेचा हक्क यांचाही पुरस्कार होता. संघटना केवळ कामगारांची असावी की मालक व कामगार यांची संयुक्त असावी, याविषयी मात्र परिपत्रकाने दोन्ही पर्याय खुले ठेवले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक वाद या एका संदिग्धतेतून निर्माण झाले. संयुक्त मंडळात मालकाचे वजन अधिक पडे, तर निव्वळ कामगारांच्या संघटनेस कधी ना कधी संपाचा विचार करावा लागे.

जर्मनी : रुर खोऱ्यातील खाणकामगार आउगुस्ट ब्रुस्ट याने १८९४ मध्ये ख्रिस्ती खाणकामगारांची संघटना स्थापन केली. १८९९ मध्ये माइन्ट्स येथे भरलेल्या परिषदेत ख्रिस्ती संघटनांनी आपली तत्त्वे निश्चित केली. या संघटना कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथीयांना खुल्या होत्या आणि अखेरचा उपाय म्हणून संप त्यांना मान्य होता. धर्मगुरूंच्या नियंत्रणाखालील शुद्ध कॅथलिक मंडळेच असावीत, असा आग्रह धरणाऱ्या बर्लिन गटाने याला विरोध केला, तर कोलोन गटाने मिश्र संघटनांची बाजू उचलून धरली. हा वाद रोमपर्यंत गेला. पोप दहावा पायस याने २४ सप्टेंबर १९१२ रोजी दिलेल्या निर्णयाने मिश्र संघटना केवळ सह्य ठरविल्या. त्यांच्या कॅथलिक सभासदांनी कॅथलिक मंडळांचेही सभासद असावे, अशी अट त्यास जोडलेली होती. आडाम श्टेगरव्हाल्ट याच्या नेतृत्वाखाली ही चळवळ वाढली. तथापि १९३३ मध्ये नाझी राजवटीने प्रथम समाजवादी आणि त्यानंतर लवकरच ख्रिस्ती संघटना नष्ट केल्या. तुरुंग व हद्दपारी यांच्या अनुभवाने शहाणे झालेल्या दोन्ही प्रवाहांतील नेत्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये एकत्रित जर्मन कामगार महासंघाचा स्वीकार केला. १९५९ मध्ये ख्रिस्ती महासंघ पुन्हा स्थापन झाला. पण तो लहानच राहिला.

फ्रान्स : कॅथलिक कामगार चळवळीतील अंतर्विरोध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो फ्रान्समध्ये. पॅरिसमध्ये १८८७ साली दुकाने व कचेऱ्यांतील कॅथलिक नोकरांचा संघ स्थापन झाला. त्याचे सभासद ख्रिस्ती बंधुसंघाच्या शाळांत शिकलेले होते. हा संघ आणि ठिकठिकाणचे स्त्रीकामगारांचे संघ यांच्या आधारे १–२ नोव्हेंबर १९१९ रोजी फ्रेंच ख्रिस्ती श्रमिक महासंघ अस्तित्वात आला. झ्यूल झिर्नहेल्ड हे त्याचे अध्यक्ष व गास्ताँ तेसिए हे सरचिटणीस झाले. महासंघाच्या घटनेच्या पहिल्याच कलमात रेरुम नोव्हारुमचा उल्लेख होता. वर्गकलह त्यास अमान्य होता. परंतु सामुदायिक करार, कुटुंबभत्ता व वेतनातील न्याय यांसाठी तो झगडत असे. समाजवादी कामगार त्यास मालकधार्जिणा म्हणत, तर मालक त्यास छुपा समाजवादी समजत.

या दुहेरी संशयाची कसोटी उत्तर फ्रान्समधील रूबे-तुर्कवँ या कापड उद्योगाच्या प्रदेशात लागली. तेथील गिरणीमालक स्वतः निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्या संघाचे प्रमुख अझेन मातों यांनी १९२४ मध्ये ख्रिस्ती कामगार संघांविरुद्ध थेट रोमकडे तक्रार केली. हे संघ मार्क्सवादी वृत्तीने वागतात आणि म्हणून त्यांना ख्रिस्ती म्हणता येणार नाही, असा त्यांचा आरोप होता. रोमने पाच वर्षे चौकशी केली. याच काळात, १९२८–२९ मध्ये, जवळच्या आल्वँ गावी कापड कामगारांचा दीर्घकाळ चाललेला संप झाला. लीलचे नवनियुक्त बिशप आशिल लिएनार यांनी संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी उभारलेल्या निधीस जाहीर रीत्या वर्गणी दिली. धर्माधिकाऱ्याने अशी बाजू घेणे त्या काळी धक्कादायक होते. ५ जून १९२९ च्या पत्राने रोमने निर्णय दिला. कॅथलिक कामगारांना निव्वळ कामगारांची संघटना उभारण्याचा हक्क आहे, इतकेच नव्हे, तर विशिष्ट प्रसंगी अन्य संघटनांशी तात्पुरती युती करण्यासही हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. १९३० मध्ये लिएनार यांना कार्डिनलपद देण्यात आले. धर्मनिष्ठ मालक आणि धर्मनिष्ठ कामगार यांच्यातील वादात रोमने कामगारांचा संघटनेचा हक्क उचलून धरला, हे या निर्णयाचे महत्त्व होय. परंतु हा हक्क मान्य करून घेण्यासाठी रोमच्या पत्राची वाट पाहावी लागली, ही गोष्टही तरुण कार्यकर्त्यांच्या मनात राहिली.

जून १९३६ मधील मातिन्याँ करारावर मालकांच्या बरोबरीने केवळ समाजवादी-साम्यवादी महासंघाने स्वाक्षरी केली. ख्रिस्ती महासंघास वाटाघाटींत स्थान मिळाले नाही. तथापि त्याच वर्षीच्या संपाच्या लाटेत त्याची सभासदसंख्या झपाट्याने वाढली. १९४० मध्ये व्हिशी राजवटीने सर्व महासंघ बरखास्त केले. त्याच्या निषेधार्थ १५ नोव्हेंबर १९४० रोजी बारा कामगार नेत्यांनी जाहीरनामा काढला. त्यांपैकी झिर्नहेल्ड, तेसिए आणि मोरिस बुलादू हे तिघे ख्रिस्ती महासंघाचे होते. कोणत्याही कामगारास वंश, धर्म वा मत यांवरून वगळता येणार नाही, ही जाहीरनाम्याची भूमिका ज्यूंविरुद्धच्या कायद्यांच्या पार्श्वभूमीवर विशेष धैर्याची होती. पुढे १९६४ मध्ये जो निर्णय झाला, त्याची बीजे या सहकार्यात आढळतात.

युद्धानंतर इतिहासकार पॉल व्हिन्यो यांच्या भोवतीच्या गटाने महासंघ धर्मपीठापासून स्वतंत्र असावा असा आग्रह धरला. १९४७ मध्ये घटनेतून पोपच्या परिपत्रकाचा उल्लेख गेला व ‘ख्रिस्ती सामाजिक नीती’ असा मोघम शब्दप्रयोग आला. नव्या उद्योगांतून आलेल्या सभासदांना ख्रिस्ती हे नाव अडथळ्यासारखे वाटू लागले. अल्जीरियातून आलेल्या मुसलमान कामगारास किंवा निधर्मी शिक्षकास या नावाच्या संघटनेत यावेसे का वाटावे, हा प्रश्न तात्त्विक नव्हता, तर दैनंदिन व्यवहाराचा होता. सरचिटणीस अझेन देकाँ यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९६४ मध्ये भरलेल्या विशेष अधिवेशनात सुमारे ७० टक्के मतांनी नाव बदलून फ्रेंच लोकशाही श्रमिक महासंघ असे करण्यात आले. हा निर्णय अमान्य असलेल्या अल्पमतवाल्यांनी जुन्या नावाने वेगळा महासंघ चालू ठेवला. नवा महासंघ फ्रान्समधील प्रमुख महासंघांपैकी एक बनला. जुना लहान राहिला, तरी टिकून आहे.

अन्य देश : इटलीत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक महासंघाचे सभासद दोन वर्षांत दहा लाखांवर गेले, शेतमजूर व खंडकरी यांचे त्यात प्राबल्य होते. जोव्हानी ग्रोंकी हे त्याचे एक नेते पुढे १९५५ मध्ये प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले. फॅसिस्ट राजवटीने १९२६ मध्ये हा महासंघ संपुष्टात आणला. नेदर्लंड्समध्ये कॅथलिक, प्रॉटेस्टंट व समाजवादी असे कामगारांचे तीन स्वतंत्र महासंघ होते. तेथील बिशपांनी १९५४ मध्ये कॅथलिकांना समाजवादी संघटनेचे सभासद होण्यास मनाई केली. हा आदेश १९६५ मध्ये मागे घेण्यात आला. त्यानंतर कॅथलिक व समाजवादी महासंघ जवळ आले. १९७६ मध्ये त्यांचा संयुक्त महासंघ झाला व १९८२ मध्ये ते पूर्णतः एकत्र आले. मनाई उठल्यापासून सतरा वर्षांच्या आत दोन्ही संघटनांचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

बेल्जियममधील अनुभव याहून वेगळा आहे. गेंट येथील गिरणी कामगारांच्या संघापासून वाढलेला तेथील ख्रिस्ती महासंघ देशातील सर्वांत मोठी कामगार संघटना बनला. बेकारभत्त्याचे वाटप कामगार संघटनांमार्फत करण्याची तेथील पद्धत याचे एक प्रमुख कारण आहे. सभासदास संघटनेचा प्रत्यक्ष उपयोग सतत होत असल्याने नावातील ख्रिस्ती शब्द त्याच्या वाढीस अडसर ठरला नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९२१ मध्ये कॅथलिक महासंघ स्थापन झाला. १९४९ च्या ॲस्बेस्टस खाणकामगारांच्या संपात माँट्रिऑलचे आर्चबिशप झोझेफ शार्बोनो यांनी संपकऱ्यांसाठी चर्चमधून निधी गोळा करविला. पुढील वर्षी त्यांना पद सोडावे लागले. या महासंघाने १९६० मध्ये कॅथलिक हे नाव टाकले.

आंतरराष्ट्रीय महासंघ : जून १९२० मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती कामगार महासंघाची स्थापना झाली. डच कॅथलिक नेते सेरारेन्स हे १९५२ पर्यंत त्याचे सरचिटणीस होते. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेस डच सरकारने कामगार प्रतिनिधी म्हणून त्यांना पाठविले. देशातील सर्वांत मोठ्या समाजवादी महासंघाने यास हरकत घेतली. हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायाच्या कायम न्यायालयाकडे गेला व ३१ जुलै १९२२ रोजी त्या न्यायालयाने आपले पहिले सल्लागारी मत दिले : सर्वांत मोठ्या एका संघटनेचीच संमती पुरेशी वा आवश्यक आहे असे नसून अन्य संघटनांच्या एकत्रित मतालाही महत्त्व देता येते. लहान संघटनांना आंतरराष्ट्रीय क्षेत्रात उभे राहण्यास यामुळे आधार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या जागतिक कामगार संघ महासंघात साम्यवाद्यांबरोबर सामील होण्यास ख्रिस्ती महासंघाने नकार दिला. पुढे आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका यांतील संघटना त्यास मिळाल्या. त्यांत बौद्ध व मुसलमान सभासदही होते. १९६८ मध्ये लक्सेंबर्ग येथील अधिवेशनात त्याने जागतिक श्रमिक महासंघ हे नाव धारण केले व १ नोव्हेंबर २००६ रोजी व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या एकत्रित आंतरराष्ट्रीय महासंघात तो विलीन झाला.

मुंबई व महाराष्ट्र : फ्रान्समध्ये कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला त्याच वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघाताची भरपाई या त्यातील मागण्या होत. सहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवारच्या विश्रांतीचा पुरस्कार करणारे पोपचे परिपत्रक त्यानंतर अकरा महिन्यांनी निघाले. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नव्हता. तथापि रविवार हा यूरोपातील कामगाराच्या दृष्टीने उपासनेचा दिवस होता, तसाच देशावरून आलेल्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने तो खंडोबाचा वार होता. लोखंडे यांनी मात्र या सुटीभोवती एका धर्माची वा जातीची संघटना उभारली नाही. त्यांच्या संघास रीतसर सभासद, निधी वा नियमावली नव्हती, ही त्याची मोठी उणीव होय; पण मागणीचा आधार गिरणीतील काम हाच राहिला. मराठवाड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १८८९ मध्ये कापड गिरणी निघाली. हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कारखाना अधिनियमांचे संरक्षण तेथील कामगारांना आपोआप लागू होत नसे. धर्मापेक्षा राज्याची सीमा येथे अधिक निर्णायक होती.

मुंबईतील कॅथलिक श्रमिकांमध्ये गोव्याहून आलेले खलाशी, आचारी व बोटीवरील नोकर यांची संख्या मोठी होती. त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या सामुदायिक निवासांनी युरोपातील जुन्या श्रेणींची आठवण व्हावी असे कार्य केले. गावाच्या संरक्षक संताची वेदी, संध्याकाळची सामूहिक प्रार्थना, दोन सफरींच्या मधल्या काळात अल्प दरात राहण्याची सोय आणि आजारपण वा मृत्युप्रसंगी मदत अशी कुडीची व्यवस्था असे. ही धार्मिक पायावरील परस्पर-साहाय्याची संस्था होती. वेतनाचा सौदा करणारी कामगार संघटना नव्हती. वेतन व भरती यांच्या प्रश्नांसाठी खलाशांच्या सर्वधर्मीय संघटना स्थापन झाल्या.

कॅथलिक कुटुंबांतून आलेल्या नेत्यांनीही हाच मार्ग पत्करला. मुंबईच्या गोदी कामगारांचे नेते प्लासिड डिमेलो (मृत्यू १९५८) यांनी सर्व धर्मांच्या कामगारांची संघटना बांधली. गोदीलगतच्या रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे सहकारी जॉर्ज फर्नांडिस (१९३०–२०१९) हे तरुणपणी बंगलोर येथे धर्मगुरूचे शिक्षण घेत होते. ते सोडून १९४९ मध्ये ते मुंबईस आले व महानगरपालिकेचे कामगार, टॅक्सीचालक आणि पुढे रेल्वे कामगार यांचे नेते झाले. १९७४ च्या अखिल भारतीय रेल्वे संपाचे नेतृत्व त्यांनी केले. दोघेही समाजवादी विचारांच्या हिंद मजदूर सभेशी संबंधित होते.

कॅथलिक महासंघ येथे न होण्याची कारणे केवळ व्यक्तिगत नव्हती. ख्रिस्ती कामगार एकाच गिरणीत वा गोदीत बहुसंख्य असणे दुर्मीळ होते. १९२६ च्या कामगार संघ अधिनियमाने कोणत्याही सात कामगारांना संघ नोंदविण्याची मुभा दिली. मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघ मान्य केला. त्यामुळे धर्मावर आधारलेल्या अल्पसंख्य संघास सौद्याच्या मेजावर स्थान मिळण्याची शक्यता उरली नाही. शिवाय राष्ट्रीय चळवळीच्या काळात धर्माच्या नावावरील कोणतीही वेगळी संघटना संशयास पात्र ठरत असे. चर्चनेही संघटनेऐवजी शिक्षण व संशोधन यांवर भर दिला. जमशेटपूरची झेव्हियर श्रमसंबंध संस्था (१९४९) आणि पुणे येथे १९५१ मध्ये सुरू होऊन पुढे दिल्लीस हलविलेली भारतीय सामाजिक संस्था ही जेझुइटांनी स्थापन केलेल्या अशा संस्थांची उदाहरणे होत. बेल्जियन जोगीण जीन डेव्हॉस यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या व मुंबईत केंद्र असलेल्या घरकामगारांच्या राष्ट्रीय चळवळीचे प्रेरणास्थान धार्मिक असले, तरी तिचे सभासदत्व सर्वधर्मीय आहे. स्त्री घरकामगारांच्या अनेक संघटनांच्या प्रयत्नांनंतर महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला.

मूल्यमापन : ख्रिस्ती महासंघांनी कामगार चळवळीत फूट पाडली व मालकांची शक्ती वाढविली, असा आक्षेप समाजवादी लेखकांनी घेतला आहे. काही ठिकाणी, विशेषतः प्रारंभकाळी, तो खराही आहे. गेंटचा मूळ संघ उघडपणे समाजवादविरोधी म्हणूनच स्थापन झाला होता. दुसऱ्या बाजूने, अन्यथा संघटनेपासून दूर राहिले असते असे दुकानांतील नोकर, ग्रामीण मजूर व स्त्रीकामगार यांना या महासंघांनीच प्रथम संघटित केले, हे मान्य करावे लागते. कुटुंबभत्ता, सामुदायिक करार व रविवारची सुटी या बाबतींत त्यांचे कार्य टिकाऊ ठरले. धर्मश्रद्धेने कामगारास सभेपर्यंत आणले. पण तेथे बसल्यावर त्याच्या शेजारी कोण बसणार हे ठरविण्याचा अधिकार तिला फार काळ राहिला नाही. फ्रान्स, नेदर्लंड्स व क्वेबेक येथील महासंघांना या निष्कर्षाप्रत येण्यास चाळीस ते साठ वर्षे लागली. मुंबईच्या गिरणी व गोदी कामगारांनी त्याचा स्वीकार प्रारंभीच केला होता. मात्र आजारपण, अंत्यविधी व बेकारी यांतील जो आधार कुडीने वा यूरोपातील ख्रिस्ती संघांनी आपल्या सभासदांना दिला, तो देणारी यंत्रणा मुंबईच्या मोठ्या संघटनांना तितक्या प्रमाणात उभारता आली नाही. बेल्जियमच्या उदाहरणावरून पाहता, संघटनेच्या नावापेक्षा अशा दैनंदिन आधारावरच तिचे दीर्घायुष्य अधिक अवलंबून असते, असे दिसते.